बदलीच्या गावातली शाळा: पहिलीत नाव घालण्याआधी काय बघायचं

मी आरोग्य सेविका आहे. गेल्या १४ वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातच तीन उपकेंद्रांवर माझी बदली झाली. प्रत्येक गावात सामान उतरत असतानाच शेजारची कोणीतरी बाई येऊन सांगायची, "नर्सबाई, इथच्या शाळेत पोरीले नका टाकू. सारे चांगल्या घरचे कॉन्व्हेंटलेच जाते. व्हॅन येते सकाळी." मी विचारायची, गावातल्या शाळेत मग कोण जातं? उत्तर ठरलेलं असायचं: मजुरांची पोरं, तांड्यावरची पोरं, पोडावरची म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची पोरं.

हे ऐकून आपण घाबरतो आणि शाळा न बघताच व्हॅनला पोर लावून देतो. बँकेत, वीज मंडळात, वनखात्यात, ग्रामपंचायतीत बदलून येणारे किंवा पुण्याची नोकरी सोडून वावर करायला परत आलेले, सगळ्यांचं असंच होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेत गरीब घरची पोरं आहेत, यावरून गाव कसं आहे ते कळतं. शाळा कशी आहे ते कळायला शाळेत जाऊन बसावं लागतं. माझी दोन्ही मुलं अशाच शाळांत शिकली. एका गावात मात्र मी शाळा बघितली आणि मुलाला तिथे घातलं नाही. दोन्ही वेळा कशावरून ठरवलं ते इथे लिहिते.

आधी कागद, पण अर्धा तासच

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. बहुतेक ठिकाणी तो शाळेच्या फलकावरच रंगवलेला असतो. 'नो युवर स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की पट, शिक्षकांची संख्या, खोल्या, स्वच्छतागृहं, वीज, पाणी एवढी माहिती मिळते. ही माहिती शाळेनंच भरलेली असते आणि बहुधा मागच्या वर्षाची असते. स्वच्छतागृहापुढे 'होय' लिहिलेलं असलं तरी त्याला कुलूप आहे का, हे तिथे दिसत नाही.

कागदावरून दोनच गोष्टी टिपून घ्या. पहिली, शाळा कितवीपर्यंत आहे. काही गावांत चौथीपर्यंत, काही ठिकाणी पाचवीपर्यंत, मोठ्या गावात सातवी-आठवीपर्यंत. चौथीनंतर पोर कुठे आणि कशानं जाणार, याचा विचार आजच करावा लागतो. आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. पण त्या ३ किलोमीटरमध्ये नाला किती वेळा ओलांडायचा, हे पावसाळ्यातच कळतं.

दुसरी, पट आणि शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि त्यापुढे २०० पर्यंत पाच शिक्षक हवेत. मुख्याध्यापकांना तीन आकडे विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि आज शाळेत हजर किती. या तिन्हींत फरक निघतोच. फरक का पडला हे ते कसं सांगतात, तिकडे लक्ष द्या.

पट २० च्या खाली असेल तर आणखी एक चौकशी करा. अशा शाळांचं पुढे काय करायचं, यावर राज्यात बरीच वर्षं खल चालू आहे. एकच शिक्षक उरला की त्याच्या रजेच्या आणि बैठकीच्या दिवशी शाळा कोण चालवतं? शेजारच्या शाळेतून शिक्षक येत असतील तर ते नियमित येतात का, हे शाळेसमोर राहणारी कोणतीही आजी बिनचूक सांगते.

कधी जायचं

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिला आठवडा प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप आणि गणवेशाच्या मापात जातो. त्या आठवड्यात शाळा बघून काही कळत नाही. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला तर शाळा नटलेली असते.

जुलैचा दुसरा पंधरवडा चांगला. त्याहून चांगली वेळ म्हणजे सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी जोरात असते ते दिवस. तेव्हा आईबाप पहाटेच वावरात जातात, मोठी मुलगी लहान भावाला सांभाळायला घरी थांबते आणि वर्ग ओस पडायला लागतात. त्या दिवसांत शिक्षक काय करतात, यावरून शाळेचं मन कळतं. एका गावातल्या मॅडम परिपाठानंतर दोन मोठ्या मुलांना घेऊन स्वतः वस्तीवर चक्कर मारायच्या. लहान भावाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीलाही वर्गात बसू द्यायच्या. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हायला हवं. पण घरोघरी जाऊन पोरं आणण्याची सक्ती कुठलाही नियम इतक्या बारकाईनं करत नाही.

दोनदा जा. पहिल्या वेळी मुख्याध्यापकांना भेटून, रीतसर सांगून. दुसऱ्या वेळी न सांगता, परिपाठाच्या वेळेला, आणि फाटकाजवळच उभे राहा. वर्गात शिरायचं असेल तर परवानगी घ्यायचीच. अनोळखी माणसाला वर्गात येऊ न देणारे मुख्याध्यापक आपलं काम नीट करतात, याचा राग मानू नका.

दारात काय दिसतं

वर्गाच्या दाराशी किंवा फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, पट आणि हजेरी लिहिलेली असते. ती वाचा आणि मग मनातल्या मनात डोकी मोजा. फळ्यावर २८ आणि बाकांवर १९ असं असेल, तर बाकीचे कुठे आहेत हे मोकळेपणानं विचारा. "तीन वीटभट्टीवर गेले, चार आजारी, दोघांना आणायला पाठवलंय" असं उत्तर आलं तर शाळेला आपली पोरं माहीत आहेत. नुसतं "येतील येतील" असं उत्तर मी ऐकलेलं आहे. तिथली पोरं त्या दिवशी आली नाहीत.

भट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं असतील, तर त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं का, हेही विचारा. जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून ते कार्ड असतं. तुमच्या पोराला त्याची गरज नसेल. पण जी शाळा निघून जाणाऱ्या पोराचाही हिशेब ठेवते, ती तुमच्या पोराचाही ठेवेल.

भिंतींवरच्या रंगाकडे फार बघू नका. गेल्या काही वर्षांत स्पर्धा आणि उपक्रमांमुळे पुष्कळ शाळा रंगल्या आहेत आणि रंगलेली शाळा पोरांना आवडते हेही खरं. पण रेल्वेच्या डब्यासारखी रंगवलेली खोली मी बघितली आहे आणि त्या खोलीत तिसरीतल्या पोराला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

वाचून घ्या: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. मुख्याध्यापकांना सांगा, "माझी मुलगी इथे येणार आहे, तिसरीतल्या चार-पाच मुलांशी बोलू का?" बहुतेक जण हो म्हणतात. मुलं मात्र तुम्ही निवडा. सर जिला पुढे करतात ती हुशार असतेच. हजेरीपटावरचा तिसरा, सातवा, अकरावा असे क्रमांक सांगा.

पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देऊ नका. हे मी फसून शिकले. एका गावात, शाळा चकचकीत होती, तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर धडा घडाघडा म्हणाला. मी खूश झाले. मग लक्षात आलं की त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड सहाव्या ओळीवर. त्याला पाठ होतं, वाचता येत नव्हतं. दुसऱ्या मुलीचं तेच, तिसऱ्याचं तेच. त्यांना कोणी वाईट वागवत नव्हतं, पोरं हसतखेळत होती. पण अक्षराशी त्यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, आणि त्यांच्या घरी ती घालून देणारं कोणी नव्हतं. त्या शाळेत मी मुलाला घातलं नाही.

तेव्हापासून मी चार ओळी घरून लिहून नेते, मोठ्या अक्षरात:

रमाच्या वावरात तूर आहे. काल रात्री रोही आले. त्यांनी शेंगा खाल्ल्या. आता आजोबा रात्री जागलीला जातात.

(रोही म्हणजे नीलगाय.) वाचून झालं की विचारायचं, "आजोबा रात्री वावरात का जातात?" उत्तर ओळींत सरळ लिहिलेलं नाही. पण आपल्याकडच्या कोणत्याही पोराला ते माहीत असतं, वाचलेलं समजलं असेल तर. अडखळत वाचून "रोही हाकलायले" म्हणणारं पोर मला घडाघडा वाचून गप्प राहणाऱ्या पोरापेक्षा पुढचं वाटतं.

ज्याला ओळ जमत नाही त्याला सुटे शब्द द्या: घर, माळ, पाणी, शेळी. शब्द जमत नसतील तर अक्षरं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही उतरंड प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून वापरतात. पोर कोणत्या पायरीवर उभं आहे हे दोन मिनिटांत कळतं. सरकारचं स्वतःचं उद्दिष्टही ठरलेलं आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाप्रमाणे तिसरीच्या शेवटी पोरानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि त्याला ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. पहिलीच्या शेवटी चार-पाच शब्दांची सोपी वाक्यं आणि ९९ पर्यंतच्या संख्या. घड्याळ लावून मोजायची गरज नाही, नुसता अंदाज घ्या.

गणिताला एकच वजाबाकी पुरते: ५२ वजा २७. उत्तर २५ आलं तर छान. ३५ आलं तर पोरानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे दशक मोडणं कोणी काड्या-गठ्ठे हातात देऊन शिकवलेलं नाही. पाचवीतल्या पोराला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगा.

हे करताना पोर घाबरणार नाही हे बघा. शेजारी जमिनीवर बसा, आधी त्याच्या बकरीची, कुत्र्याची चौकशी करा. चुकलं तर "नाही" म्हणू नका आणि शिक्षकांकडे बघून मान हलवू नका. तुम्ही तपासायला आलेले साहेब नाही.

आता या वाचनाचा अर्थ कसा लावायचा? समजा पाचातल्या तिघांनी ओळी वाचल्या. कॉन्व्हेंटमध्ये पाचच्या पाच वाचतील, म्हणून शेजारीण म्हणेल बघा. पण त्या पाचांपैकी कितींची शिकवणी लागलेली आहे, कितींच्या आया रोज संध्याकाळी वही घेऊन बसतात? गावच्या शाळेतल्या त्या तिघांच्या घरी संध्याकाळी चूल पेटवायची घाई असते. त्यांना जे आलं ते सगळं शाळेनं दिलेलं आहे. असं पोर वाचायला शिकवणारे शिक्षक तुमच्या पोरालाही शिकवतील, आणि तुम्ही घरी जे कराल ते वरून.

म्हणून शिक्षकांना पुढचा प्रश्न विचारा: "ज्या दोघांना येत नाही, त्यांचं काय करता?" सगळी शाळा मला या एका उत्तरात सापडते. बंजारा तांड्याजवळच्या एका शाळेत कुंपण पडलेलं होतं, एका खोलीचं टिन उडालेलं होतं. पण सरांनी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. त्यावर प्रत्येक मुलाचं नाव आणि पुढे अक्षर, शब्द, ओळ, गोष्ट असे रकाने. दर महिन्याला नावापुढची खूण पुढे सरकत होती. कागद आतून का लावला, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाहेर लावला तर मागे असलेल्या पोरांना रोज लाज वाटेल. माझ्या मुलीचं नाव मी त्याच आठवड्यात घातलं.

घरची बोली आणि शाळेची मराठी

आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत पहिलीत येणाऱ्या पोराला पुस्तकातली मराठी परकी असते. यवतमाळ-वाशिमकडे बंजाऱ्यांची गोरमाटी, मारेगाव-झरी भागात कोलामी, मेळघाटात कोरकू, गडचिरोली-चंद्रपुरात गोंडी. अशी पोरं गप्प बसतात आणि लोक त्यांना ढ ठरवतात. शिक्षकांना त्या बोलीतले पन्नासेक शब्द येतात का, हे बघा. वर सांगितलेल्या सरांनी पहिलीच्या फळ्यावर 'आई' लिहून शेजारी 'याडी' लिहिलं होतं. तांड्यावरची सहा वर्षांची पोरगी ते बघून पहिल्यांदा वर्गात मोठ्यानं बोलली, असं त्यांनी सांगितलं.

तुमचं पोर मराठीच बोलणारं असेल तर त्याचं नुकसान होईल का? माझी मुलगी सहा महिन्यांत गोरमाटी बोलायला लागली आणि तिचं मराठी कुठे गेलं नाही. लसीकरणाला तांड्यावर जाताना मी तिलाच शब्द विचारायची.

शिक्षक

पाच वर्ग आणि दोन शिक्षक ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. एकाच खोलीत पहिली-दुसरी-तिसरी बसलेली बघून दचकू नका. बघायचं ते हे, की सर तिसरीला शिकवत असताना पहिलीच्या पोरांच्या हातात काय आहे. चिंचोके, शब्दकार्ड, चित्रं, गोष्टीचं पुस्तक असं काही असेल आणि मोठं पोर लहानाला दाखवत असेल, तर तो वर्ग चालू आहे. पहिलीची पोरं हाताची घडी घालून अर्धा तास नुसती बसलेली असतील, तर पाच वर्षांत त्यांच्या वाट्याला एका वर्षाचंही शिकणं येत नाही.

पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे, हे नावासकट विचारा. चांगल्या शाळा आपला सगळ्यात कसलेला शिक्षक पहिलीला देतात. जिथे पहिली नव्या किंवा नावडत्या माणसाच्या गळ्यात टाकलेली असते, तिथे मी सावध होते.

सर मुख्यालयी राहतात की तालुक्याहून येतात, यावर गावात फार चर्चा होते. मी तिला फार वजन देत नाही. ते वेळेवर येतात का आणि शेवटची घंटा होईपर्यंत थांबतात का, एवढं बघते. शिवाय शिक्षकांच्या मागे अशैक्षणिक कामं किती लागलेली आहेत, याची कल्पना घ्या. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं त्यांना देता येतात. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरणं, फोटो पाठवणं, बैठका यात दिवस जातात. हे सांगताना शिक्षक चिडले तर त्यांना दोष देऊ नका. शिकवायला मिळत नाही म्हणून चिडणारा माणूस शिकवू इच्छितो.

उन्हाळ्यात बदल्या होतात, हेही लक्षात ठेवा. एका माणसावर उभी असलेली शाळा त्याच्या बदलीनंतर बसते. म्हणून त्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाशीही बोला.

जेवण, पाणी, संडास

इथे मी माझ्या नोकरीच्या नजरेनं बघते. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. ताट बघितलं की खिचडीत डाळ आहे की नुसती हळद, ते कळतं. वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव घ्यायची असते आणि चव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोला, त्यांचं स्वतःचं पोर याच शाळेत आहे का, विचारा. आणि पंगत बघा. कोणी वेगळं बसतंय का, कोणाला वरून टाकून वाढलं जातंय का. असं काही दिसलं तर बाकीचं सगळं चांगलं असलं तरी मी ते शाळेत आणि ग्रामसभेत बोलते.

पाणी कुठलं, हा प्रश्न विदर्भात विचारायचाच. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट. मोठ्या मुलांच्या समोरच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर पाण्याची तपासणी झाली का ते ग्रामपंचायतीला विचारा. तोवर पोराला घरची बाटली द्या.

संडासाला कुलूप असेल तर चावी कोणाकडे आहे आणि पोरांना ती मागायला लाज वाटते का? मुलींसाठी वेगळा आहे का, आत पाणी आहे का? आत जाऊन बघा. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते, आणि मग जळजळ घेऊन माझ्याकडे उपकेंद्रात येतात.

एखादी खोली निर्लेखित झालेली, म्हणजे पाडायची ठरलेली असेल, तर पोरं तिच्या सावलीत खेळत नाहीत ना, हे बघा. दरवर्षी आरोग्य पथकाची तपासणी होते का आणि दर आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी मिळते का, हेही सहज विचारून घ्या.

मार आणि भीती

मारणं आणि मानसिक त्रास देणं कलम १७ नं बंद केलेलं आहे. तरी कोपऱ्यात छडी दिसते. "फक्त धाकासाठी ठेवली" म्हणतात. मी पोरांकडे बघते. सर वर्गात आले की पोरं त्यांच्याकडे झेपावतात की आक्रसतात, ते लपत नाही. मुलींच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. पेटी शेवटची कधी उघडली, ते विचारा. आणि तुमच्या पोराला १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक पाठ करून द्या, शाळा कितीही चांगली असली तरी.

कॉन्व्हेंटशी तुलना करायची असेल तर

करा, पण त्याच कसोटीनं. तिथेही तिसरीतल्या पोराकडून अनोळखी ओळी वाचून घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि अर्थ विचारा. व्हॅनमध्ये किती पोरं कोंबतात ते सकाळी उभं राहून मोजा. एप्रिलच्या उन्हात ती व्हॅन दुपारी किती वाजता परत येते, ते विचारा. फीबरोबर पुस्तकं, गणवेश, गॅदरिंग असा वर्षाचा सगळा खर्च वहीत मांडा.

इंग्रजीची काळजी मलाही होती. महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि काही जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजीही आहे. प्रश्न असतो तो कोणी बोलून दाखवतं का, याचा. घरचं उत्पन्न कमी असेल तर खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्ज करता येतो. सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून सूट देणारा २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला. अर्ज ऑनलाइन असतो आणि सोडत निघते.

एक गोष्ट बऱ्याच पालकांच्या लक्षात राहत नाही. जवाहर नवोदय विद्यालयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असावी लागतात. शहरातल्या शाळेत व्हॅननं पाठवलं की तो हक्क जातो.

गावात कोणाला विचारायचं

ज्यांची पोरं त्या शाळेत जातात, त्यांनाच. हापशीवर, दळणाच्या गिरणीत, रोजगार हमीच्या कामावर. "शाळा चांगली का?" असं विचारू नका, लोक हो म्हणून मोकळे होतात. "तुमच्या पोराला पुस्तक वाचता येतं का? सर कधी घरी आले होते का?" असं विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्यातल्या एखाद्या बाईला भेटा. तिला ती समितीत आहे हे माहीत असेल आणि मागच्या सभेत काय ठरलं ते सांगता येत असेल, तर तुम्हाला चांगली शाळा मिळाली.

नाव घालताना आणि घातल्यावर

पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं पोर बसतं. जन्माचा दाखला न्यावा, पण तो नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जुन्या शाळेची टीसी यायला उशीर झाला तरी पोराला वर्गात बसवावंच लागतं. परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही. पहिलीसाठी शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा होतो, त्याला मुद्दाम जा, तिथे गावातल्या आया भेटतात.

पहिल्या दिवशीच "आमच्या पोराला पुढच्या बाकावर बसवा" असं सांगू नका. नोकरदारांच्या पोरांना वेगळं वागवलं की बाकीच्यांच्या आया शाळेपासून आणखी लांब जातात. मागायचं असेल ते सगळ्या वर्गासाठी मागा: गोष्टींची पुस्तकं, पंखा, हात धुवायला साबण. समितीच्या सभेला जा, आणि २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत शाळेचा विषय काढा. मी एकदा नुसतं "शाळेचं टिन कधी बसणार?" एवढंच विचारलं. मागे बसलेल्या तांड्यावरच्या दोन बाया उठल्या आणि त्यांनी तेच पुन्हा विचारलं. दिवाळीनंतर टिन बसलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी तुमच्या पोराकडून नव्या चार ओळी लिहून वाचून घ्या. पहिलीतलं पोर तोवर बरीचशी अक्षरं ओळखून छोटे शब्द जुळवायला लागलेलं असावं. काहीच पुढे गेलेलं नसेल तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, महिन्यानं मुख्याध्यापकांशी, मग केंद्रप्रमुखांशी. आणि त्यानंतरही फरक पडला नाही, तर वर्ष संपल्यावर शाळा बदला. कोणावर राग न धरता बदला, पण समितीच्या सभेत कारण सांगून बदला, म्हणजे मागे राहिलेल्या पोरांच्या कामी येईल.

पुढच्या बदलीचा हुकूम आला की शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक आणि सरकारी प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक या तिन्ही गोष्टी सामान बांधायच्या आधी घ्या. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जात आणि जन्मतारीख मुख्याध्यापकांची सही होण्याआधी त्यांच्या टेबलापाशीच बसून मोठ्यानं वाचा. एक वेलांटी चुकली तरी नंतर दुरुस्तीसाठी दुसऱ्या तालुक्यातून चकरा माराव्या लागतात.